ती दोन पानं का चिकटवली?

दर चैत्रात यात्रेला घर भरलं की कुणीतरी वही चाळतं. मधल्या जाड पानापाशी बोट अडतं आणि प्रश्न येतो, “ही पानं कुणी चिकटवली?” इतकी वर्षं मी “पाणी सांडलं होतं” असं सांगत आले. या वेळी तुम्ही पोरांनी पुन्हा विचारलंत म्हणून लिहिते. चिकटवली मी. मैद्याची खळ आईने केली, लावली मी.

पण फाडली नाहीत, हे आधी ध्यानात घ्या. फाडून टाक म्हणणारेही घरात होते.

वही २००९ची, लाल कापडी पुठ्ठ्याची, दुकानात रोजमेळाला वापरतात तसली. विटा, खानापूर, आटपाडीकडच्या कितीतरी घरांसारखं आपलं घर गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या, भट्टीमागे पांगलं. कुणी कोइमतूरला, कुणी कोचीला, कुणी कोलकात्याला. वर्षातून एकदा सगळे सोप्यात बसतात, तेव्हा ज्याने त्याने आपल्या हाताने लिहावं, असं मी ठरवलं. कोइमतूरच्या पुतण्याने तर आपली मराठी तमिळ लिपीत लिहिली. ते पान त्याच्याशिवाय कुणाला वाचता येत नाही, तरी मी ते तसंच ठेवलंय.

या वहीत अकरा जणांनी एकच गोष्ट लिहिली आहे. ७२च्या दुष्काळात सगळं घर खडी फोडायला जायचं, लाल मिलो ज्वारीची भाकरी घशाखाली उतरत नव्हती. तेव्हा आजीने गळ्यातली बोरमाळ मोडली आणि त्या पैशावर तात्यांना, माझ्या चुलत्यांना, गलाई शिकायला धाडलं. तिथून घर वर आलं. तुम्ही सगळे ही गोष्ट ऐकतच वाढलात, मीही.

२०१३च्या दिवाळीला आत्या चार दिवस राहायला होती. तिला मीच वही दिली. ती सारखी म्हणायची, “मला काय लिवायचं येतंय, सातवी झालेली बाई मी.” तरी दुपारची उंबऱ्याशी पाठ टेकून, गुडघ्यावर वही धरून लिहीत बसायची. एकदा मान वर करून विचारलं, “माझं लिवलेलं पुसणार न्हाई न्हवं कुणी?” मी म्हटलं, “आत्या, या वहीला खोडरबर चालत नाही.”

पुढच्या यात्रेला जेवणं झाल्यावर धाकटा पुतण्या मोठ्याने वाचायला बसला. तो दरवर्षी वाचतो. वाचता वाचता आत्याचं पान आलं.

“बोरमाळ मोडली न्हाई. आई गेली तवा ती तिच्या पेटीत होती, मी माझ्या हातानं काढून वैनीला दिली. तात्याला पाठवायला पैसे माझ्या सासऱ्यानं दिले. बिजवराला पोरगी मिळत नव्हती. मी सातवीत पहिली आली होती. वैशाखात लगीन झालं. तात्या त्याच्या आधीच्या गुरवारी गेला.”

पोराला काहीच माहीत नव्हतं, तो पाठ्यपुस्तक वाचावं तसा पुढे वाचत गेला. त्यात सासरच्या पहिल्या वर्षाचं होतं, सवतीच्या दोन लेकरांचं होतं. तात्या हात धुऊन नुकतेच आत आले होते, हातात टॉवेल होता. नायट्रिकने पिवळी पडलेली त्यांची बोटं टॉवेलात गुंडाळलेलीच राहिली. ते आत्याकडे बघत नव्हते आणि आत्या जमिनीकडे बघत होती. पानाच्या शेवटाला ते एवढंच म्हणाले, “वही मिट.” संध्याकाळच्या एसटीने विट्याला गेले आणि तिथून कोइमतूरला. दुसऱ्या दिवशीचं मटण तसंच पडून राहिलं.

रात्री आईने खळ केली. ती म्हणाली, “ती गेली सासरी, तो गेला कोइमतूरला, गावात राहायचं आपल्याला हाय.” मी पानाला पान लावलं आणि वर पाटा ठेवला.

भाऊ भाऊ तुटू नयेत म्हणून केलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावलं. ते खोटं नाही. बाप माझा आजारी होता, औषधपाणी तात्यांच्या पैशावर चाललं होतं. तुम्ही माझ्या जागी काय केलं असतं, हे मलाही ऐकायचंय. पण ज्या बाईला मी खोडरबर चालत नाही म्हणाले, तिची पानं मीच बुजवली, हेही तितकंच खरं. पुढच्या वर्षी आत्याने त्या पानावरून अंगठा फिरवला. “जाड झालंय,” म्हणाली. वही मला परत दिली. २०१९ला ती गेली.

कोचीचा भाऊ म्हणतो, सगळ्यांचं एकत्र करून शुद्ध तेवढं ठेव, आपण सोन्याचं करतो तसं. गलाई त्याच्या घरात आहे तशी माझ्याही कानावर आहे. अशुद्ध सोन्यात चांदी मिसळून नायट्रिकमध्ये सोडतात, चांदी विरघळते, सोनं तपकिरी भुकटी होऊन तळाशी बसतं. पण ते पाणी कुणी फेकत नाही. त्यात तांब्याची पट्टी घालून चांदी परत काढतात. अकरा जणांची पानं खोटी आहेत, असंही मला वाटत नाही. त्यांना आजीने तेच सांगितलं होतं. आजीने तरी काय सांगायचं होतं?

मग आता का उघडत नाही? विट्याच्या एका बाइंडरने सांगितलं, वाफ दिली की खळ सुटते. गेल्या पावसाळ्यात मी किटली ठेवली, एक कोपरा सोडवलाही. पानाखाली निळी शाई जराशी फुटलेली दिसली आणि मी किटली उतरवली. शाई जाईल ही भीती होती. तात्यांनी पंच्याहत्तरी ओलांडलीय, त्यांना सोसेल का ही भीतीही होती. कुठली मोठी होती, मला सांगता येत नाही.

वहीत माझं पान इतकी वर्षं कोरं होतं. या महिन्यात ते लिहिलं. आजीची बोरमाळ आमच्या कपाटात आहे, तिचे मणी बेचाळीस आहेत, आणि माझ्या लग्नात ती माझ्या गळ्यात होती, तेव्हा आत्या समोर अक्षता घेऊन उभी होती. आईला अजून वाचून दाखवलेलं नाही.