जाहीर झालेला दर आणि झालेला नफा

इस्लामी बँकेत नफावाटपाचा हिशेब करणं हे माझं काम. मुदारबा खात्यात व्याज नसतं. ठेवीदार भांडवल घालतो, बँक धंदा सांभाळते, नफा ठरल्या प्रमाणात वाटला जातो. तोटा आला तर तो भांडवलवाल्याचा. बँकेचा हलगर्जीपणा, गैरवर्तन किंवा करारभंग सिद्ध झाला तरच भरपाई बँकेची.

त्या तिमाहीत परतावा वार्षिक ५ टक्के निघाला. वाटणी ६०:४०, म्हणजे ठेवीदाराच्या वाट्याला ३. व्याजावर चालणाऱ्या बँका ४ देत होत्या. "तीन जाहीर केले तर ठेवी पळतील," असं बैठकीत वरिष्ठ म्हणाले. मग ठरलं: बँकेने आपल्या २ टक्क्यांतून अर्धा टक्का सोडायचा, अर्धा टक्का राखीव निधीतून काढायचा आणि ४ जाहीर करायचे. नियमात हे बसतं.

मी राखीव निधीची नोंद समोर ठेवली. चांगल्या तिमाहींत वाटणीआधीच बाजूला काढलेला हा नफा. त्या वेळच्या ठेवीदारांपैकी कित्येकांनी एव्हाना खाती बंद केली होती. अर्जातल्या बारीक अक्षरांतल्या कलमाने निघताना त्यांचा या निधीवरचा हक्क सुटला होता. म्हणजे गेलेल्यांच्या नफ्यातून आज असलेल्यांना दर मिळणार, आणि हे दोघांनाही कळणार नाही. भागधारकांना सभेत मत आहे. कागदावर जोखीम ज्याची, त्या ठेवीदाराला मात्र नाही. मला हे फार खटकतं.

१९६३ साली इजिप्तमधल्या मित घम्र इथे अहमद अल-नज्जार यांनी बचत बँक काढली ती छोट्या बचतदारांसाठी; आधुनिक इस्लामी बँकिंगची सुरुवात तिच्यापासून मानतात. आज बँकांचा बराचसा पैसा मुराबहात असतो: वस्तू घ्यायची, नफा चढवून हप्त्यांनी विकायची. भागीदारीत व्यापाऱ्याची वही तपासावी लागते, ती कटकट कोणाला नको असते. येणारी रक्कम अशी आधीच बांधलेली असली, की ठेवीदारही ठरलेल्या दराचीच अपेक्षा धरतो. मलेशियाने २०१३ च्या कायद्यात ठेव आणि गुंतवणूक खातं वेगळं केलं; गुंतवणूक खात्यात मुद्दलाची हमी नाही. तो मार्ग मला जास्त प्रामाणिक वाटतो.

बँकेचे व्यवहार इस्लामी कायद्यात बसतात का हे पाहणाऱ्या शरिया मंडळाच्या सदस्यांनी एवढंच विचारलं, "खातेदाराला हे सांगणार का?" उत्तर आलं, वार्षिक अहवालात तळटीप असते. मी म्हटलं, खातेउताऱ्यावर दोन्ही आकडे छापा: कमावलेले ३, दिलेले ४. ते मान्य झालं नाही. दर ४ जाहीर झाला. माझी असहमती मी इतिवृत्तात नोंदवून घेतली आणि पुढच्या तिमाहीच्या विषयपत्रिकेवर दोन आकड्यांचा विषय लेखी दिला आहे.