शून्य बाइटचे दहा रविवार

सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्यात मामाची अभ्यासिका आहे. वरखाली मिळून साठ टेबलं, मधे प्लायचे पडदे, आणि पहाटे सहापासून रात्री अकरापर्यंत स्पर्धा परीक्षेची पोरं. साताऱ्याची, बीडची, धाराशिवची. घरून पैसे मोजून येतात, म्हणून इथलं वायफाय हेच त्यांचं नेट. ते वायफाय गेली काही वर्षं मी सांभाळते. मे २०२२ मधल्या एका गुरुवारी ते बंद पडलं. त्या रात्रीपासून राउटरच्या सेटिंगचा बॅकअप घ्यायची माझी सगळी पद्धत बदलली.

आधी राउटरबद्दल सांगते. त्यात मी कंपनीचं सॉफ्टवेअर काढून ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं खुलं सॉफ्टवेअर टाकलं आहे. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी ५४जी या राउटरचा सोर्स कोड खुला करावा लागला, त्यातून २००४ मध्ये हा प्रकल्प उभा राहिला. नावातलं डब्ल्यूआरटी तिथूनच आलंय. आत खरं लिनक्स चालतं, एसएसएचने, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून सुरक्षित जोडणी करून, लॉगिन करता येतं, शेल, म्हणजे कमांड टाइप करायची जागा, मिळते. सगळ्या सेटिंग 'ईटीसी' फोल्डरमधल्या 'कॉन्फिग' या उपफोल्डरात साध्या मजकुराच्या फायलींत असतात. नेटवर्कची एक फाइल, वायरलेसची एक, डीएचसीपीची (उपकरणांना आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, वाटणाऱ्या सेवेची) एक, फायरवॉलची (कुणाला कुठे जाऊ द्यायचं त्या नियमांची) एक. अभ्यासिकेसाठी मी त्यांत बरंच काही बसवलं होतं. पोरांचं नेटवर्क वेगळं, ऑफिसचं वेगळं. प्रिंटर आणि हजेरीच्या मशीनला पक्के आयपी. एकाने लेक्चरचा व्हिडिओ डाउनलोडला लावला तर बाकीच्यांची टेस्ट अडकू नये, म्हणून स्पीडची वाटणी. महिनोन् महिने थोडं थोडं करत जमलेलं काम होतं ते.

आणि त्याचा बॅकअप होता. निदान तशी माझी खात्री होती. अभ्यासिकेत रास्पबेरी पाय हा एक छोटा संगणक आहे, तो दर रविवारी पहाटे अडीचला एक शेल स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने लिहिलेल्या कमांड, चालवायचा. राउटरवर लॉगिन करायचं, तिथली 'सिसअपग्रेड' कमांड बॅकअपच्या पर्यायासह चालवायची, येणारी फाइल तारखेच्या नावाने ठेवायची आणि शेवटच्या दहा सोडून बाकीच्या पुसायच्या. सहा ओळींची स्क्रिप्ट होती.

त्या गुरुवारी सकाळीच देखभालीसाठी लाइट गेली होती. पुण्यात गुरुवारी ते नेहमीचंच. संध्याकाळी लाइट आली आणि पाठोपाठ वळीव आला. सव्वासातला जवळच कुठेतरी वीज पडली. राउटर यूपीएसवर होता, पण पेठेत बऱ्याच ठिकाणी असतं तसं आमचं नेट गच्चीवरून लोंबत येणाऱ्या तांब्याच्या केबलनं येतं. झटका त्या केबलमधून आला. यूपीएस बाजूला ठणठणीत आणि राउटर मेलेला.

त्याच रात्री ११ वाजून ५९ मिनिटांना एका सरकारी भरतीच्या फॉर्मची मुदत संपत होती. मामाचा फोन आला तेव्हा मी कर्वेनगरात घरी होते. त्याच मॉडेलचा दुसरा राउटर माझ्याकडे होता. ओपनडब्ल्यूआरटीची २१.०२ आवृत्तीही त्यात आधीच टाकलेली होती. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तो डिकीत ठेवला आणि पावसात म्हात्रे पुलावरून निघाले. मनात काळजी नव्हती. नवा राउटर लावायचा, परवाच्या रविवारची फाइल चढवायची, दहा मिनिटांचं काम.

माळ्यावर मामा टॉर्च धरून उभा होता. जिन्यात पाच-सहा पोरं. एक मुलगी म्हणाली, "ताई, माझी फक्त फी भरायची राहिलीय." मी पायला लॅपटॉप जोडला आणि बॅकअपच्या फोल्डरची यादी काढली. दहा फायली, दहा रविवारच्या तारखा, सगळं नीट ओळीत. फक्त आकाराच्या रकान्यात दहाही फायलींपुढे एकच आकडा होता, शून्य.

"अगं, दर रविवारी घेतेस ना कॉपी? मग टाक की ती," मामा म्हणाला. त्याला काय सांगावं हे मला क्षणभर सुचेना.

काय झालं होतं ते त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी कळलं. ते नीट सांगते, कारण ही चूक कुणाच्याही स्क्रिप्टमध्ये असू शकते. फेब्रुवारीच्या शेवटी मी राउटर १९.०७ वरून २१.०२ वर नेला होता. त्या बदलात आमच्या राउटरच्या चिपसाठी पोर्ट, म्हणजे केबल लावायच्या जागा, हाताळायची पद्धतच बदलली, जुन्या सेटिंग ठेवून अपग्रेड करू नका असं स्पष्ट सांगितलेलं होतं. म्हणून मी कोरं इन्स्टॉल केलं आणि सेटिंग हाताने भरल्या. कोऱ्या इन्स्टॉलमुळे राउटरची एसएसएचची ओळख-किल्ली (राउटर तोच आहे हे समोरच्याला पटवणारी) नवी तयार झाली. माझ्या लॅपटॉपने इशारा दिला, मी जुनी किल्ली काढून टाकली, विषय संपला. पायवर मात्र जुनीच किल्ली राहिली. त्याला वाटलं राउटरच्या जागी दुसरंच कुणी बसलंय, आणि त्याने जोडणी नाकारली. त्याचं बरोबरच होतं. शिवाय पायला पासवर्डशिवाय आत घेणारी परवानगीची किल्लीही राउटरवरून पुसली गेली होती.

जोडणी झाली नाही, तरी फाइल कशी झाली? शेलमध्ये आउटपुट फाइलकडे वळवायची '>' ही खूण दिली, की शेल आधी रिकामी फाइल तयार करते आणि मग कमांड चालवते. कमांड फसली तरी फाइल जागेवर, शून्य बाइटची. स्क्रिप्ट पुढे जात राहिली, 'दहाच ठेवा' ही ओळ इमानेइतबारे चालत राहिली. दर रविवारी एक रिकामी फाइल आत आली आणि एक चांगली बाहेर गेली. चूक झाल्याचा संदेश कुठे गेला? ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणाऱ्या क्रॉनच्या ओळीच्या शेवटी सगळं 'डेव्ह नल'मध्ये, म्हणजे लिनक्सच्या कचराकुंडीत, ढकलायची सवय मला होती. तिथे.

त्या रात्री हातात एकच गोष्ट होती, लॅपटॉपवर पडलेली अपग्रेडच्या आधीची फाइल. ती जशीच्या तशी चढवायचा मोह झाला होता. चढवली असती तर राउटरमध्ये शिरायची वाटही राहिली नसती, कारण जुन्या नेटवर्क फाइलमध्ये सगळ्या पोर्टांची नावं जुन्या पद्धतीची होती. इंटरनेटच्या पोर्टचंच बघा, तिथे 'ईटीएच ०.२' होतं आणि नव्या आवृत्तीत त्याच पोर्टचं नाव नुसतं 'वॅन' आहे. मी ती फाइल लॅपटॉपवरच उघडली. टार करून (अनेक फायली एकीत बांधून) जिप केलेली असते ती, आतली प्रत्येक फाइल वाचता येते. पीपीपीओईचं, म्हणजे नेटवाल्याकडे लॉगिन करायचं, युजरनेम आणि पासवर्ड त्यात उघड लिहिलेला सापडला. डीएचसीपीच्या फाइलमधून पक्क्या आयपीच्या नोंदी उचलल्या, वायफायचं नाव आणि पासवर्ड घेतला, फायरवॉलचे नियम बघून बघून टाइप केले.

सगळं भरूनही नेट येईना. नऊ वाजले होते. माझ्या फोनचा हॉटस्पॉट ज्यांची फी भरायची होती त्यांना दिला आणि पुन्हा माळ्यावर बसले. मग आठवलं, आमचा नेटवाला जोडणी राउटरच्या मॅक पत्त्याला, म्हणजे त्या यंत्राच्या ओळखक्रमांकाला, बांधतो. मेलेला राउटर उलटा केला, टॉर्चच्या उजेडात स्टिकरवरचा पत्ता वाचला आणि नव्या राउटरच्या वॅन पोर्टला तोच दिला. पाचेक सेकंदांत दिवा लागला. पावणेदहा झाले होते. फीवाल्या मुलीचा फॉर्म तोवर हॉटस्पॉटवरच गेला होता. बाकी सात-आठ जणांचे त्यानंतर गेले.

पुढचे दोन रविवार मी स्क्रिप्ट नव्याने लिहिण्यात घालवले. पहिलं म्हणजे, थेट अंतिम नावाची फाइल आता तयारच होत नाही. राउटरवर 'सिसअपग्रेड'ला बॅकअपच्या पर्यायापुढे फाइलच्या नावाऐवजी नुसती आडवी रेघ दिली, की बॅकअप राउटरवर न ठेवता थेट एसएसएचच्या नळीतून आपल्याकडे येतो. तो आधी तात्पुरत्या नावाने साठवते. मग कमांडचा निकाल-कोड (यशस्वी झाली की फसली ते सांगणारा आकडा) बघते. मग जिप फाइल शाबूत आहे का ते 'जीझिप'च्या तपासणीच्या पर्यायाने पाहते. मग टारची यादी काढून त्यात नेटवर्क, वायरलेस, डीएचसीपी आणि फायरवॉल या चारही फायली आहेत का ते शोधते. चारही असतील तरच फाइलला तारखेचं नाव मिळतं, आणि त्यानंतरच जुनी फाइल पुसली जाते. कुठेही अडलं तर स्क्रिप्ट तिथेच थांबते, जुन्या फायलींना हात लावत नाही आणि मला मेसेज पाठवते. एसएसएचला 'बॅचमोड' चालू ठेवून दिलाय आणि जोडणीला दहा सेकंदांची मुदतही, म्हणजे पहाटे अडीचला ते पासवर्ड विचारत नाही आणि राउटरच्या उत्तराची वाट बघत बसत नाही.

तपासणीची ती टारची यादी मी पहिल्यांदा डोळ्यांनी वाचली तेव्हा आणखी एक भोक दिसलं. राउटरवर 'रूट' फोल्डरमध्ये माझी एक छोटी स्क्रिप्ट आहे, रात्री अकराला पोरांचं नेटवर्क बंद करणारी. ती बॅकअपमध्ये नव्हती. चांगले बॅकअप होत होते तेव्हाही नसणार. ओपनडब्ल्यूआरटी ठरावीक फायलीच उचलतं, बाकीच्या हव्या असतील तर 'सिसअपग्रेड डॉट कॉन्फ' या फाइलमध्ये त्यांची नावं लिहावी लागतात. लिहून झाल्यावर यादीचा पर्याय देऊन खात्री करता येते. आपण वरून टाकलेली पॅकेजंही बॅकअपमध्ये येत नाहीत, येतात ती फक्त त्यांची सेटिंग. म्हणजे स्पीडच्या वाटणीची सेटिंग परत येणार, पण ती वाटणी करणारं पॅकेज नसणार. आता पॅकेजांची यादी बॅकअपच्या आत ठेवणारा पर्यायही मी जोडते, म्हणजे परत चढवल्यावर काय काय टाकायचं ते समोर असतं.

बॅकअपसोबत मी दोन गोष्टी नोंदवते, राउटरचं मॉडेल आणि आवृत्ती. परत चढवायची वेगळी स्क्रिप्ट आहे, ती समोरच्या राउटरला आधी हेच दोन प्रश्न विचारते आणि उत्तर जुळलं नाही तर पुढे जात नाही. माळ्यावर, घाईत, रात्री नऊला माणूस ही तुलना विसरू शकतो. मीच विसरले असते. जुळलं की ती बॅकअप राउटरच्या 'टेम्प' या तात्पुरत्या फोल्डरमध्ये ढकलते, 'सिसअपग्रेड'ला रिस्टोअरचा पर्याय देते आणि राउटर रीबूट करते. फाइल ढकलायला मी एससीपी ही एसएसएचवरून कॉपी करणारी कमांड वापरत नाही. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या ओपनएसएसएच (एसएसएचचं संगणकावरचं सॉफ्टवेअर) ९.० पासून एससीपी आतून एसएफटीपी ही फाइल पाठवायची दुसरी पद्धत वापरतं आणि राउटरवर त्याचा सर्व्हर मुळात नसतो. मोठ्या 'ओ'चा पर्याय देऊन जुनी पद्धत चालू करता येते, पण एसएसएचमधून 'कॅट' या साध्या कमांडने फाइल ओतली तर हा प्रश्नच येत नाही.

पहिल्या चाचणीत एका गोष्टीने मला अर्धा तास खाल्ला. कोरा राउटर 192.168.1.1 वर असतो, अभ्यासिकेचा 192.168.10.1 वर. सेटिंग चढून रीबूट झाल्यावर स्क्रिप्ट जुन्याच पत्त्यावर हाका मारत राहिली आणि मला वाटलं राउटर गेला. तो नव्या पत्त्यावर व्यवस्थित उठून बसला होता. आता स्क्रिप्ट बॅकअपमधूनच नवा पत्ता वाचते, "केबल काढून पुन्हा लावा" असं मराठीत सांगते आणि मग नव्या पत्त्यावर हाक मारते.

या फायलींत वायफायचा आणि पीपीपीओईचा पासवर्ड उघडा असतो, हे त्या रात्री माझ्या कामी आलं, पण दुसऱ्या कुणाच्या हाती फाइल लागली तर त्यालाही तो तितक्याच सहज वाचता येईल. म्हणून स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत 'युमास्क ०७७' आहे, फाइल फक्त माझ्या खात्याला वाचता येते. वाड्याबाहेर जी प्रत जाते, ती जीपीजी या एन्क्रिप्शनच्या प्रोग्रॅमने कुलूप लावूनच. तिचा पासफ्रेज मामाने स्वतःच्या अक्षरात लिहून लोखंडी कपाटात ठेवलाय.

तपकीर गल्लीतून जूनमध्ये त्याच मॉडेलचा आणखी एक राउटर आणला. आता दोन आहेत, एक माळ्यावर चालू, एक खाली कपाटात. महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी, अभ्यासिका जेवायला रिकामी झाली की मी कपाटातला राउटर कोरा करते, त्या पहाटेचा बॅकअप त्यावर चढवते, यादीतली पॅकेजं टाकते आणि तोच माळ्यावर लावते. कालपर्यंत चालू असलेला कपाटात जातो. मॅक पत्ता सेटिंगमध्येच असल्यामुळे नेटवाल्याला बदल कळतही नाही. ऑगस्टच्या रविवारी मला यायला उशीर झाला, तर मामाने स्क्रिप्ट चालवून राउटर बदलूनही ठेवला होता. मी पोचले तेव्हा पोरं जेवून परत टेबलावर बसली होती आणि मामा खुर्चीवर उभा राहून नव्या राउटरच्या केबलला पट्टी बांधत होता.