तुम्ही विचारलंत म्हणून: हॉस्पिटलच्या मेडिकलमध्ये डिस्काउंट का नाही?

लग्नकार्यात, एसटीत, बिल्डिंगच्या जिन्यात, कुठेही मी हॉस्पिटलचं मेडिकल सांभाळते हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "बाहेर 20 टक्के सूट देतात, तुमच्याकडे का नाही हो मॅडम?" लुटता तुम्ही, असं तोंडावर म्हणत नाहीत एवढंच. मी मिरजेत आहे, अर्धे पेशंट सांगली-जतकडचे आणि बाकीचे अथणी, विजापूरकडून आलेले, त्यामुळे हा प्रश्न मला आता कन्नडमध्येही पाठ झालाय. तर घ्या, एकदा सविस्तर.

छापील एमआरपी आमच्याकडे आणि कोपऱ्यावरच्या दुकानात एकच असते, एक रुपया वर घेता येत नाही. ज्या औषधांची किंमत सरकारने बांधलीये, म्हणजे 2013 च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाप्रमाणे एनपीपीए (औषधांच्या किमती ठरवणारं केंद्र सरकारचं प्राधिकरण) जी ठरवते, त्यात दुकानदाराचं मार्जिन 16 टक्के धरलंय. आता त्यातनं 20 टक्के सूट कोण आणि कशी देणार, सांगा. बाहेरचा देतो कारण तो दुसरीकडे भरून काढतो, कंपनीची स्कीम असते दहावर एक फ्री वगैरे, आणि काही जेनेरिकमध्ये खरेदी आणि छापील किमतीत एवढं अंतर असतं की निम्म्याला दिलं तरी त्याला परवडतं. मला तसं करता येत नाही कारण डॉक्टरने जो ब्रँड लिहिलाय तोच द्यायचा, मी काउंटरवर परस्पर बदलून दिला तर नियम मोडतो. म्हणजे बिल किती होणार हे बरंचसं पेनाच्या टोकाशी ठरलेलं असतं, आणि शिव्या काउंटरवरची पोरं खातात.

दुसरं म्हणजे रॅकवर काय पडून असतं ते बघा. पावसाळा लागला की आमच्याकडे सर्पदंशाचे पेशंट येतात, नाग, मण्यार, घोणस, फुरसं, या चौघांवर चालणारं एकच अँटीव्हेनम आहे आणि विषबाधेची लक्षणं असली तर पहिल्या डोसलाच साधारण 10 व्हायल, म्हणजे इंजेक्शनच्या छोट्या बाटल्या, लागतात. रात्री दोन वाजता पेशंट आला तर "उद्या मागवून देते" म्हणता येतं का? मग दोन-तीन पेशंटपुरता स्टॉक कायम ठेवायचा, तो लागला नाही तर एक्सपायरी माझ्या डोक्यावर. हार्ट अटॅकमध्ये गुठळी विरघळवायचं टेनेक्टेप्लेजचं इंजेक्शन घ्या, एकेक व्हायल कित्येक हजारांची, महिनाभर कोणी हात लावत नाही आणि मग एका रात्रीत दोन जातात. शॉर्ट एक्सपायरी झाली की स्टॉकिस्टच्या, म्हणजे घाऊक विक्रेत्याच्या, मागे लागायचं, काही माल परत जातो, काही जात नाही. बाहेरचं दुकान अशा वस्तू ठेवतच नाही, ठेवावं असंही नाही, पण मग तुलना करताना एवढं लक्षात असू द्या. वर तीन शिफ्ट, प्रत्येक शिफ्टला रजिस्टर्ड फार्मासिस्ट हजर पाहिजेच, फ्रीजचं तापमान 2 ते 8 डिग्रीत राहिलं पाहिजे आणि लाइट गेली तर त्याला वेगळा बॅकअप, शेड्यूल एच-वनचं, म्हणजे ज्यांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवावीच लागते अशा औषधांचं, रजिस्टर तीन वर्षं जपायचं. असो, हे आमचं कामच आहे.

पण एका बाबतीत तुमचा संशय बरोबर आहे आणि ते मी लपवणार नाही. ग्लोव्ह्ज, आयव्ही सेट, कॅन्युला, सिरिंज, कॅथेटर, हे जे सर्जिकलचं सामान असतं त्यातल्या बहुतेकांना सरकारी कमाल किंमत नाहीये, पाकिटावर कंपनी छापेल तो एमआरपी आणि आम्हाला मिळतं त्याच्या कितीतरी खाली. 2018 मध्ये एनपीपीएने दिल्लीकडच्या चार खाजगी हॉस्पिटलांची बिलं तपासली तेव्हा काही वस्तूंवर 1,737 टक्क्यांपर्यंत मार्जिन निघालं होतं. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवतात त्या स्टेंटचं तसंच चालायचं, 2017 मध्ये किंमत बांधली तेव्हा कुठे चाप बसला. त्यात बऱ्याच हॉस्पिटलांमध्ये मेडिकल बाहेरच्याला चालवायला दिलेलं असतं आणि भाड्याऐवजी विक्रीवर टक्के ठरलेले असतात, मग तो जास्त एमआरपीचाच माल भरणार, दुसरं काय करणार? म्हणून डिस्काउंटसाठी भांडण्यापेक्षा रोजचा इंडेंट, म्हणजे वॉर्डातून मेडिकलकडे येणारी मागणीची यादी, बघत जा. आज किती ग्लोव्ह्ज मागवले, किती वापरले, सिस्टरला विचारा, त्या सांगतात.

आणि बाहेरून आणायचं असेल तर आणा की. इथूनच घ्यायची सक्ती नाही, अन्न व औषध प्रशासनाने 2025 मध्ये तसा बोर्ड लावायला सांगितलंय, आमच्या काउंटरवर आहे. फक्त पक्कं बिल घ्या, बॅच नंबर असलेलं, आणि फ्रीजमधलं इंजेक्शन असेल तर आइस पॅकमधून आणा. भर उन्हात स्कूटरच्या डिकीतून इन्सुलिन आणणारे भाऊ बघितलेत मी, मग सिस्टर ते लावायला नाही म्हणतात आणि भांडण आमच्या खिडकीशी येतं.

डिस्चार्जच्या वेळी उरलेलं सामान परत करायला विसरू नका. सील न फोडलेलं, फ्रीजचं नसलेलं, बिल असलेलं बहुतेक सगळं आम्ही घेतो. गोळ्यांची स्ट्रिप कापताना बॅच आणि एक्सपायरीचं टोक राहू द्या, ते गेलं की परत घेता येत नाही. कितीतरी नातेवाईक घाईत पिशवी तशीच घरी नेतात आणि चार महिन्यांनी घेऊन येतात, तोवर उशीर झालेला असतो.

डिस्काउंटचं म्हणाल तर ओपीडीच्या रोजच्या गोळ्यांवर, शुगर-बीपीच्या, आम्ही 10 टक्के देतो. ॲडमिट पेशंटला काहीच नाही. निदान सर्जिकलच्या सामानावर तरी द्या म्हणून मी मॅनेजमेंटच्या मागे लागलेय, मार्चच्या मीटिंगमध्ये "बघू" म्हणाले, अजून बघतायत.