दुपारच्या विजेला गिऱ्हाईक हवं

इथे आइंडहोवनमध्ये आमच्या गल्लीत हल्ली कुठूनही गप्पा निघाल्या तरी त्या १ जानेवारी २०२७ या तारखेवर येतात. त्या दिवसापासून नेदरलँड्समधलं नेट मीटरिंग बंद होणार आहे. छपरावरच्या सौर पॅनलनं दुपारी ग्रीडला, म्हणजे विजेच्या सार्वजनिक जाळ्याला, जितके युनिट दिले, तितके रात्री वापरलेल्या युनिटांतून सरळ वजा व्हायचे. २००४ पासून चालत आलेला हा हिशेब आता संपेल. पुढे दिलेल्या विजेचे वेगळे आणि बरेच कमी पैसे मिळतील. कर सोडून जो मूळ वीजदर असतो, त्याच्या निम्म्यापेक्षा खाली जायचं नाही, एवढीच हमी कायद्यानं दिली आहे आणि तीही २०३० पर्यंतच.

इकडे हे चाललंय आणि तिकडे शिंदखेड्याहून भावाचे फोन येतात की छपरावर पॅनल बसवायच्या केंद्राच्या 'सूर्यघर' योजनेत तीन किलोवॅट बसवू की पाच? सबसिडी तर ७८ हजारांच्या वर जात नाही, मग मोठं बसवून परवडेल का? धुळ्यातल्या मैत्रिणीही हेच विचारतात. आइंडहोवनला राहून मला याचं उत्तर जरा वेगळं दिसतं, म्हणून सविस्तर लिहिते.

हा देश ढगाळ. इथे एक किलोवॅटचं पॅनल वर्षाला साधारण ९०० युनिट देतं, आपल्याकडे तेच १४०० च्या आसपास जातं. तरी इथे दर तीन घरांमागे एका घरावर पॅनल आहेत. सरकारनं हिशेब सोयीचा ठेवला, पॅनल स्वस्त झाले आणि लोकांनी भराभर बसवले. मग मे महिन्यातल्या एखाद्या लख्ख रविवारी काय होतं? कारखाने बंद, लोक बागेत बसलेले, कुणाच्या घरात एसी नाही आणि देशभरातली छपरं एकाच वेळी वीज ओतत असतात. बाजारात एकाच दिवशी सगळ्या गावांची मेथी आली की जे होतं, तेच विजेचं होतं. दर नुसता पडत नाही, शून्याच्याही खाली जातो. २०२४ मध्ये इथे चारशेहून अधिक तास असे गेले. त्या तासांत वीज घेणाऱ्यालाच पैसे मिळतात, देणाऱ्याच्या खिशातून जातात. नेट मीटरिंग अजून चालू असतानाच बऱ्याच वीज कंपन्यांनी ग्रीडला वीज परत देण्याबद्दल वेगळा आकार लावायला सुरुवात केली.

त्यामुळे घरातली वेळापत्रकं बदलली आहेत. उद्याचे दर आज दुपारी मोबाइलवर येतात, आता तर पंधरा-पंधरा मिनिटांचे. शेजारच्या आजी ते पाहून कपडे धुण्याची वेळ ठरवतात. गाडी चार्ज करायची ती दुपारी, भांड्यांचं मशीन लावायचं तेही दुपारी. आणि डिसेंबरमध्ये साडेचारलाच सूर्य मावळतो, सगळी घरं एकदम उजळतात, तेव्हा पॅनल निजलेले असतात. वीज लागते तेव्हा ती नसते आणि असते तेव्हा नको असते. तारा तर इतक्या भरल्या आहेत की हजारो उद्योग नव्या किंवा वाढीव जोडणीसाठी रांगेत उभे आहेत. पॅनल एका दिवसात बसतं, पण सबस्टेशन आणि केबल उभी करायला वर्षं जातात. धोरण आखणाऱ्यांनी आधी पॅनलचा विचार केला आणि तारांचा फार उशिरा.

आता खानदेशात या. आपल्याकडे भर दुपारी विजेला हक्काचं गिऱ्हाईक आहे, ते म्हणजे शेतीपंप. नेदरलँड्सच्या लोकांनी ज्याच्यासाठी काहीही दिलं असतं, ते आपल्याला आयतं मिळालंय. बॅटरीसुद्धा लागत नाही, कारण दुपारी उपसलेलं पाणी शेततळ्यात साठतं, ठिबकनं मुळाशी जातं. एवढं असूनही वर्षानुवर्षं आपण शेतकऱ्याला रात्रीची वीज दिली. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. हातात बॅटरी आणि काठी घेऊन अप्पा बांधाने जायचे, साप-विंचवाचं भय, चाळीसगाव-यावलकडे तर बिबट्याचं. ते परत येईपर्यंत आईचा डोळा लागत नसे.

म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना मला फार मोलाची वाटते. २०१७ मध्ये ती सुरू झाली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. सबस्टेशनजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि शेतीच्या फीडरला, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या वीजवाहिनीला, दिवसा वीज द्यायची. वीज तयार होते तिथेच, त्याच वेळी वापरली जाते, लांबच्या तारांवर भार पडत नाही. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' या दुसऱ्या योजनेत शेतकऱ्यानं पंपाच्या किमतीचे दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं पाच टक्के. पंप जमिनीप्रमाणे तीन, पाच किंवा साडेसात एचपीचा. भावाच्या शेतात पंप बसला तेव्हा अप्पा फोनवर म्हणाले, "आते रातले पानी भराले जानं नही पडस." योजनेच्या कुठल्याही जाहिरातीपेक्षा मला ते वाक्य मोठं वाटतं.

एक काळजी मात्र आहे. सौर पंपाला बिल नाही, त्यामुळे पंप बंद करायला कारणही नाही. रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात भूजल किती खोल गेलंय हे तिथल्या प्रत्येक बोअरवाल्याला ठाऊक आहे. तापी महापुनर्भरण प्रकल्प त्याचसाठी आहे. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशानं त्याचा करार केला, पण पाणी जमिनीत मुरेपर्यंत बराच काळ जाईल. तोवर पंपासोबत ठिबक सक्तीचं करावं, असं माझं ठाम मत आहे.

पॅनल येतात कुठून, हेही पाहू. माझ्या छपरावरचे चीनचे आहेत. पॅनलच्या प्रत्येक टप्प्यावर, कच्च्या पॉलिसिलिकॉनपासून तयार मॉड्यूलपर्यंत (म्हणजे पूर्ण पॅनलपर्यंत), जगाच्या ऐंशी टक्क्यांहून अधिक क्षमता एकट्या चीनकडे आहे. युरोपनं २०१३ मध्ये चिनी पॅनलवर जादा शुल्क लावलं, २०१८ मध्ये काढलं. पॅनल स्वस्त झाले, छपरं भरली, कारखाने मात्र गेले. मायर बर्गर या स्विस कंपनीचे जर्मनीतले कारखाने २०२५ मध्ये दिवाळखोरीत निघाले. आता काळजी पॅनलची वीज वापराजोगी करणाऱ्या इन्व्हर्टरची आहे, कारण तो इंटरनेटला जोडलेला असतो आणि दुरून बंद करता येतो. लिथुआनियानं २०२४ मध्ये कायदाच केला की १०० किलोवॅटपेक्षा मोठ्या सौर आणि पवन प्रकल्पांच्या यंत्रणेत चिनी कंपन्यांना दुरून शिरता येणार नाही.

भारतानं वेगळी वाट धरली. एप्रिल २०२२ पासून आयात मॉड्यूलवर ४० टक्के सीमाशुल्क लावलं, सरकारी योजनांसाठी मान्य कंपन्यांची यादी केली. 'सूर्यघर'ची सबसिडी हवी तर पॅनलच्या आतला सेलही देशातच बनलेला लागतो. म्हणून भावाला मिळालेला कोटेशनचा आकडा आयात पॅनलपेक्षा जास्त आहे आणि तो त्यावर चिडलाय. त्याची चीड मला कळते, पण इथले बंद पडलेले कारखाने पाहून मी या धोरणाच्या बाजूनं आहे. मात्र वेफर (सेलसाठी लागणारी सिलिकॉनची पातळ चकती) आणि पॉलिसिलिकॉन अजून बव्हंशी चीनमधूनच येतं. शुल्काच्या आडोशानं ते भारतात बनायला लागलं, तरच आज जास्त मोजलेल्या पैशांना अर्थ आहे.

तर भावाला उत्तर: तीनच किलोवॅट बसव. दिवसा जेवढं घरात वापरशील तेवढंच. उरलेली वीज ग्रीडला देऊन पैसे कमावू, या भरवशावर कर्ज काढू नको, कारण तो हिशेब सरकार कधीही बदलू शकतं, इथे बदललाच. महावितरणनं स्मार्ट मीटरच्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच दरात सवलत सुरू केली आहे, त्यावरून वारा कुठला आहे ते कळतं. कूलर, गिरणी, मोटर जमेल तेवढं दुपारी चालव.

आणि जमिनीबद्दल. आपल्या तालुक्यात हा विषय निघाला की विखरणचे धर्मा पाटील आठवतात. वीज प्रकल्पासाठी गेलेल्या पाच एकरांचे सुमारे चार लाख मिळाले. योग्य मोबदल्यासाठी खेटे घालून थकलेल्या ८४ वर्षांच्या त्या शेतकऱ्यानं जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष घेतलं आणि ते गेले. स्वच्छ वीज कुणाच्या जमिनीवर उभी राहते, हा प्रश्न आपल्याकडे पुस्तकी नाही. सौर कृषी वाहिनीच्या नव्या टप्प्यात जमीन विकायची नसते, भाड्यानं द्यायची असते: हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, दरवर्षी तीन टक्के वाढ. पडीक, मुरमाड रानासाठी हे चांगलं आहे. गावात कुणाकडे असा प्रस्ताव आला असेल तर करार मराठीत मागा. भाडं थकलं तर काय, कंपनी मध्येच विकली गेली तर काय आणि मुदत संपल्यावर खांब-काँक्रीट कोण काढणार, ही तीन कलमं त्यात आहेत का ते बघा आणि नसतील तर सही करण्याआधी लिहून घ्या. धुळ्यातल्या एखाद्या चांगल्या वकिलाची फी त्यापुढे किरकोळ आहे.