महिन्याच्या शेवटच्या दिवसाची पावती

मागणी, वसुली आणि बाकी. या तीन रकान्यांचं पत्रक दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कर्ज समितीसमोर जातं. कुणाकडून किती हप्ता यायचा होता, किती आला, किती राहिला. गोव्यातल्या बार्देश तालुक्यातल्या एका सहकारी पतसंस्थेत मी कर्ज विभागात आहे, आणि ते पत्रक काढून, शिक्का मारून फाईलला लावण्याचं काम माझ्याकडे असतं. ते तयार कसं होतं, हे २०२५ उजाडेपर्यंत विभागात कुणालाच ठाऊक नव्हतं. दोन तारखा घालायच्या, बटण दाबायचं, पान बाहेर यायचं.

आमचं सॉफ्टवेअर बाहेरच्या कंपनीचं. अहवालात एक रकाना वाढवून हवा असला तरी आधी पत्र, मग कोटेशन, मग वाट पाहणं. शेवटी सरव्यवस्थापकांनी ठरवलं की लहानसहान अहवाल आपल्याच माणसांनी करायला शिकायचे. डेटाबेस मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरवर होताच, त्याच्या जोडीचं रिपोर्ट बिल्डर हे अहवाल बांधायचं साधन वापरायला वेगळे पैसे पडणार नव्हते. शिकवायला एक सर मिळाले. सरकारी खात्यात आयुष्यभर प्रोग्रामिंग करून निवृत्त झालेले. शनिवारी काउंटर बंद झाला की ते यायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी डेटाबेसची वेगळी प्रत काढायला लावली आणि मला फक्त वाचण्यापुरती परवानगी असलेलं लॉगिन द्यायला लावलं. खऱ्या खात्यांना माझा हात लागणं शक्यच नव्हतं, म्हणून मी बेधडक शिकू शकले.

१९७० साली आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी मांडलं होतं की माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी. माणसाने काय हवं तेवढं सांगावं, कसं शोधायचं ते यंत्राने बघावं. सरांनी हे सांगितलं आणि लगेच पुढे म्हणाले, ‘तेव्हा आता तुला नेमकं काय हवंय ते सांग.’ मी म्हटलं, थकबाकीदारांची यादी. ते म्हणाले, ‘थकबाकीदार म्हणजे कोण? कुठल्या तारखेला? कुठली पावती धरून?’ तो पूर्ण शनिवार या तीन प्रश्नांत गेला. तेव्हा मला वाटलं होतं की सर वेळ काढताहेत.

रिपोर्ट बिल्डरमध्ये क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, चित्रासारखी बांधता येते. डावीकडे टेबलांची नावं, हवे त्या कॉलमवर टिचकी, खाली टेबलांमधली नाती, त्याखाली फिल्टर. नाती आपोआप ओळखण्याची सोयही आहे, पण ती डेटाबेसमध्ये आधी नोंदलेल्या नात्यांवर चालते. आमच्या डेटाबेसमध्ये तशी एकही नोंद नव्हती. शिवाय टेबलांची नावं अशी की कर्जाचं मुख्य टेबल म्हणजे ‘एलएनएमएसटी’, आणि पावत्यांच्या टेबलाचं नाव वाचून कुणालाही ते बचतखात्याचं वाटावं. सॉफ्टवेअर कंपनीकडे टेबलांचा नकाशा मागितला तर उत्तर आलं की तो देता येत नाही. आमच्याच सभासदांची माहिती, आमच्याच सर्व्हरवर. याचा राग मला आजही आहे. मी मग एकेक टेबल उघडून, ओळखीच्या खात्यांचे आकडे खतावणीशी ताडून वहीत नकाशा काढला. ती वही आज विभागात सगळे वापरतात.

सरांनी मुद्दाम सगळ्यात नेहमीच्या दोन फसगती आधी करून दाखवल्या. पहिली जामीनदारांची. कर्जाला पावत्यांचं टेबल जोडलं, वसुलीची बेरीज बरोबर आली. मग त्यालाच जामीनदारांचं टेबल जोडलं, आणि बेरीज चुकली. बहुतेक कर्जांना दोन जामीन, म्हणून त्यांची प्रत्येक पावती दोनदा. जिथे एकच जामीन तिथे एकदा, आणि सोनेतारणाला जामीनच नसल्यामुळे ती कर्जं यादीतून साफ बाहेर. काही आकडे फुगलेले, काही गळलेले. अशी बेरीज कधीकधी खऱ्याच्या इतकी जवळ येते की संशयच येत नाही.

दुसरी फसगत थकबाकीच्या यादीची. साधा जॉइन, म्हणजे दोन टेबलांची जोडणी, दोन्हीकडे सापडणारंच दाखवतो. त्यामुळे ज्याने महिनाभरात एकही पैसा भरला नाही, नेमका तोच थकबाकीच्या यादीतून गायब होतो. त्यासाठी लेफ्ट आउटर जॉइन लागतो, जो दुसरीकडे काही सापडलं नाही तरी पहिल्या टेबलातलं नाव ठेवतो. तो लावला आणि खाली पावतीच्या तारखेचा फिल्टर घातला की माणूस पुन्हा गायब, कारण पावतीच नाही तर तारीख कुठली? ती अट जॉइनच्या आत घालावी लागते. इथे चित्राची पद्धत अपुरी पडली. सरांनी ‘एडिट ॲज टेक्स्ट’ दाबायला लावलं, आणि तिथून पुढे मी क्वेरी हातानेच लिहिते.

त्यांचा एक नियम मी कधी मोडत नाही. अहवाल छापण्याआधी एक खातं घ्यायचं आणि खतावणीवर बोट ठेवून प्रत्येक आकडा पडताळायचा.

जुनं मागणी-वसुलीचं पत्रक मला नव्याने बांधायचं होतं. पडताळणीसाठी मी जे खातं घेतलं ते विभागात सगळ्यांना पाठ होतं. पर्रा गावच्या एक मावशी. कळंगुट-कांदोळीच्या लहान गेस्ट हाऊसांच्या चादरी, टॉवेल धुऊन, इस्त्री करून देण्याचा त्यांचा धंदा. धुलाई यंत्रांसाठी कर्ज घेतलेलं. गेस्ट हाऊसवाले महिन्याच्या शेवटच्या दिवशी हिशेब चुकता करतात, आणि मावशी त्याच दिवशी, काउंटर बंद व्हायच्या आत, स्वतः येऊन हप्ता भरतात. तरीही त्यांचं नाव थकबाकीत. फोन गेला की त्या पावती घेऊन हजर.

‘बाय, म्हजें नांव परत कित्याक घाल्लां? पावती आसा न्हय म्हजेकडेन.’

आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचं यावर ठरलेलं उत्तर होतं: ‘त्यांचं नाव येतंच गं. सिस्टीम तशी आहे. पेन्सिलीने बरोबर कर.’ आणि आम्ही कार्यालयीन प्रतीवर पेन्सिलीने बरोबरची खूण करत होतो. समितीकडे जायची प्रत संगणकातून वेगळी छापली जायची. तिच्यावर खूण नसायची.

पत्रक नीट वाचलं असतं तरी कळलं असतं. मावशींच्या ओळीत मागील थकबाकी नेहमी शून्य, चालू महिन्याची बाकी नेहमी एक हप्ता. जो खरोखर एक हप्ता मागे आहे, त्याची मागील थकबाकी पुढच्या महिन्यात शून्य कशी असेल? मागील थकबाकी खतावणीतून येत होती आणि खतावणी बरोबर होती. चालू महिन्याची वसुली पावत्यांच्या क्वेरीतून येत होती. एकाच ओळीतले दोन आकडे एकमेकांना खोटं पाडत होते, आणि ती ओळ महिन्यामागून महिने समितीपुढे ठेवली जात होती. वाचणारे शेवटचा रकाना वाचतात.

मी २०२३ आणि २०२४ ची सगळी पत्रकं काढून बसले. मावशींचं नाव प्रत्येक महिन्यात नव्हतं. एप्रिल २०२३ मध्ये नाही, डिसेंबर २०२३ मध्ये नाही. मार्च आणि जून २०२४ मध्ये नाही. ऑक्टोबर २०२४ मध्येही नाही. आधी वाटलं त्या महिन्यांत त्यांनी लवकर भरले असतील, आणि खतावणीत खरंच एक दिवस आधीची पावती होती. मग मी कॅलेंडर उघडलं. ३० एप्रिल २०२३ रविवार. ३१ डिसेंबर २०२३ रविवार. ३१ मार्च २०२४ रविवार, ३० जून २०२४ रविवार. ३१ ऑक्टोबरला गुरुवार होता, तिथे क्षणभर अडले, पण त्या दिवशी नरकचतुर्दशी. पहाटे गावोगावी नरकासुर जाळून अख्खा गोवा घरी फराळाला बसलेला, आमचा काउंटर बंद. म्हणजे मावशी शेवटच्या दिवशी येऊ शकल्या नाहीत, तेव्हाच त्या यादीतून सुटत होत्या.

पावत्यांच्या टेबलात तारखेचा कॉलम पाहिला तर सगळं समोर होतं. दारोदार फिरून पैसे गोळा करणारे पिग्मी एजंट संध्याकाळी आपलं पावतीचं मशीन आणून जोडतात, त्या पावत्यांना नुसती तारीख असते, वेळ शून्य-शून्य-शून्य. काउंटरवरच्या पावतीला मात्र तास, मिनिट, सेकंदसुद्धा. पत्रकाच्या क्वेरीत अट होती ‘बिट्वीन’, एक तारीख आणि एकतीस तारीख यांच्यामध्ये. बिट्वीन दोन्ही टोकं धरतं, पण नुसती एकतीस तारीख दिली की एसक्यूएल सर्व्हर ती एकतीस तारखेच्या मध्यरात्रीचे बारा अशी वाचतो, दिवस सुरू होतानाचे. पिग्मीची पावती बरोबर त्या क्षणावर बसते, म्हणून आत. मावशींची दुपारी साडेतीनची पावती बाहेर. पुढच्या महिन्याचं पत्रक एक तारखेपासून सुरू होतं, त्यातही ती नाही. शेवटच्या दिवशी काउंटरवर भरलेला पैसा कुठल्याच पत्रकात कधीच येत नव्हता.

विचारणा केल्यावर कळलं की क्वेरी लिहिली गेली तेव्हा ती बरोबर होती. तेव्हा काउंटरच्या पावतीलाही नुसती तारीखच असायची. २०२२ च्या अखेरीस पावतीवर वेळ छापायची सोय आली आणि टेबलात वेळ साठू लागली. कॉलम बदलला की त्याच्यावर उभ्या असलेल्या अहवालांचं काय होतं, हे बदल करणाऱ्यांनी पाहायला हवं होतं. ते त्यांचं काम होतं, त्याचेच पैसे आम्ही देतो.

खात्री करायला मी प्रत्येक महिन्याची खतावणीतली एकूण कर्जवसुली आणि पत्रकातली वसुली यांतला फरक काढला. फरक दर महिन्याला रोजकीर्दीतल्या शेवटच्या दिवसाच्या काउंटरवरच्या कर्जवसुलीइतका. पैशापर्यंत जुळला.

कंपनीच्या माणसाने फोनवरच दुरुस्ती सुचवली: शेवटच्या तारखेला रात्रीचे ११:५९:५९ जोडा. मी नाही म्हटलं. त्या कॉलमचा प्रकार सेकंदाचे तीनशे भाग धरतो, म्हणजे ५९ व्या सेकंदानंतरही दिवस शिल्लक उरतो. आणि कुणी चलाखी करून ९९९ मिलिसेकंद लिहिले तर ते वर ढकलले जाऊन दुसरा दिवस उजाडतो. रात्री बारा वाजता आमच्याकडे कुणी पैसे भरत नाही, हे खरं. पण जी अट आज चालते आणि उद्या काहीतरी बदललं की मोडते, तिनेच तर हे घडवलं होतं. मी लिहिलं: एक तारीख किंवा नंतर, आणि पुढच्या महिन्याच्या एक तारखेच्या आधी. फेब्रुवारी अठ्ठावीसचा असो वा एकोणतीसचा, वेळ असो वा नसो, ही अट मोडत नाही. सरांनी ती ओळ वाचली आणि काही न बोलता पुढचं पान उलटलं. त्यांच्याकडून एवढी दाद पुष्कळ होती.

पण मला झोप येऊ दिली नाही ती क्वेरीने नव्हे. एप्रिल २०२४ मध्ये मावशींनी कपडे सुकवण्याच्या मोठ्या यंत्रासाठी वाढीव कर्ज मागितलं होतं. गोव्यात जून ते सप्टेंबर दोरीवर चादर वाळत नाही. वाळलीच तर कुबट वास येतो आणि गेस्ट हाऊसवाला ती परत पाठवतो. समितीने मागची पत्रकं पाहिली, बहुतेक महिन्यांत नाव दिसलं, आणि शेरा मारला: परतफेड अनियमित, तूर्त विचार करू नये. ते पत्र मावशींना मीच वाचून दाखवलं होतं. त्यांनी वाद घातला नाही. एवढंच विचारलं, ‘मगे पावसांत कपडे खंय सुकोवचे?’ त्या पावसाळ्यात त्यांची दोन गिऱ्हाइकं गेली.

मग मी सगळ्या शाखांची, चुकून थकबाकीत आलेल्यांची यादी काढली. नावं वाचत गेले तशी माणसं ओळखीची वाटू लागली. हॉटेलातले वेटर, दुकानातल्या मुली, दुसऱ्याची टॅक्सी चालवणारे, शिवणकाम करणाऱ्या. ज्यांच्या हातात महिन्याच्या शेवटच्या दिवशी पैसे पडतात, आणि जे त्याच दिवशी, घरी जायच्या आधी, आमच्याकडे येऊन हप्ता भरतात. आमच्या सभासदांतली सर्वांत शिस्तीची माणसं त्या अटीने वेचून काढली होती आणि अनियमित म्हणून समितीपुढे ठेवली होती. पगारातून कापून घेणाऱ्यांपैकी एकही नाव यादीत नव्हतं.

सरव्यवस्थापकांनी ते लगेच मान्य केलं, हे सांगायला हवं. नवं पत्रक लागू झालं. मावशींचा अर्ज एप्रिल २०२५ च्या सभेत मंजूर झाला, आणि त्या वर्षी पाऊस मे संपायच्या आतच आला तरी यंत्र त्याआधी बसलं होतं. उरलेल्या यादीचा निर्णय अजून झालेला नाही. जुन्या इतिवृत्तांना दुरुस्तीचं टिपण जोडलं की पुरे, असं समितीतल्या काहींचं म्हणणं आहे. लोकांना कळवलं तर संस्थेवरचा विश्वास जाईल, अशी त्यांना भीती वाटते. मला ते पटत नाही. ज्याचा अर्ज त्या शेऱ्यावर नामंजूर झाला, त्याला तो का झाला हे कळायला हवं, आणि पुन्हा अर्ज करा असं आम्हीच सांगायला हवं. मी पत्राचा मसुदा केला आहे, प्रत्येकासाठी वेगळा, त्याच्या पावतीचा क्रमांक आणि तारीख घालून. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा, असं लेखी दिलं आहे आणि आवक क्रमांक घेऊन ठेवला आहे.