तुम्ही विचारलंत म्हणून: मुलीला ‘मन्या’ का म्हणता?

मुलीचं नाव मृण्मयी आणि हाक मारायची ‘मन्या’, हे असं का, हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता एकदा नीट बसून लिहूनच टाकते. विचारणारे दोन प्रकारचे असतात. काहींना खरंच आश्चर्य वाटतं, की अहो पोरगी आहे ना, मग मन्या कशाला, मनू म्हणा, मिनू म्हणा. आणि बाकीचे म्हणजे ज्यांच्याकडे बाळ येणारे किंवा नुकतंच आलंय आणि ज्यांना मुलीसाठी चार्ली, सॅम, टेडी किंवा आपल्यातलंच बंड्या, पिंट्या असं काहीतरी मनापासून आवडलंय, पण घरातले नको म्हणतायत, पोरीला पुढे त्रास होईल, लोक हसतील वगैरे. त्यांना फक्त हो की नाही एवढंच ऐकायचं असतं. माझं उत्तर हो आहे, पण एका अटीवर, आणि ती अट समजवायला थोडं लांबून यावं लागतं.

पहिली गोष्ट म्हणजे मराठीत हे काही जगावेगळं नाहीये. लेकीला मांडीवर घेऊन ‘माझा राजा तो’, ‘माझा सोन्या तो’, ‘रडू नको रे बाळा’ असं म्हणणाऱ्या आया आपण सगळ्यांनीच ऐकल्यात, आणि त्यात कोणालाच काही खटकत नाही. लाडात आलं की मुलीची ‘ती’ सहज ‘तो’ होते आणि परत ‘ती’ होते, कोणी लक्षही देत नाही. मग तीच हाक जरा कायमची चिकटली की मात्र सगळे दचकतात. आमच्याकडे तेवढंच झालं, मृण्मयी हे नाव तान्ह्या बाळाला हाक मारायला फार लांबलचक पडायचं, तिच्या बाबाने एक दिवस मन्या म्हटलं, ती त्या आवाजाला वळून बघायला लागली, आणि मग मन्याच राहिलं. ठरवून काहीच केलं नव्हतं.

आता मराठीत एक गंमत आहे जी इंग्रजी नावांचे शौकीन बऱ्याचदा विसरतात. नावाच्या शेवटाकडे बघा. राजू, विजू, नंदू, शशी ही नावं दोन्हीकडे चालतात, विजय पण विजू आणि विजया पण विजू, नंदकुमार पण नंदू आणि नंदिनी पण नंदू, त्यामुळे कोणी भुवया उंचावत नाही. पण शेवटी ‘या’ आला, बंड्या, पक्या, मन्या, की कानाला तो मुलगाच वाटतो. आणि त्याच्या पुढे क्रियापद येतं, ते तर आपल्याकडे लिंग सांगितल्याशिवाय हलतच नाही. इंग्रजीत चार्ली आली की चार्ली आला हे वाक्यावरून कळत नाही, मराठीत पहिल्याच वाक्यात ठरवावं लागतं. आमच्या घरात आम्ही ‘मन्या आली’, ‘मन्या झोपली’ असंच म्हणतो, पाहुण्यांना ते विचित्र वाटतं पण दोनचार दिवसांत त्यांच्याही तोंडात बसतं. मला हे जोडून म्हणणंच आवडतं, नाव मुलाचं आणि क्रियापद मुलीचं, कारण त्यातून तिचं मुलगी असणं कुठेच पुसलं जात नाही. ज्या घरांमध्ये मुलीला सरसकट ‘आला’, ‘गेला’ करतात तिथे मला जरा काळजी वाटते, लाडात ठीक आहे, पण चोवीस तास तेच असेल तर एकदा स्वतःला विचारावं की असं का.

इंग्रजी नावांबद्दल खूप जण विचारतात म्हणून त्याबद्दलही सांगते. शार्लटची चार्ली, समँथाची सॅम, अलेक्झांड्राची ॲलेक्स, फ्रान्सिसची फ्रँकी, थिओडोराची टेडी, हे सगळं आता तिकडे रुळलंय. टेनिसवाली बिली जीन किंग घ्या, तिच्या वडिलांचं नाव बिल, त्यावरून ती बिली. तिने 1973 मध्ये बॉबी रिग्ज या पुरुष खेळाडूला सरळ सेटमध्ये हरवलं तेव्हा तिच्या नावाबद्दल कोणाला काही पडलेलं नव्हतं. गायिका बिली हॉलिडेचं जन्माचं नाव एलिनोरा, बिली तिने मोठी झाल्यावर स्वतः घेतलं.

पण मला सगळ्यात जास्त विचार करायला लावते ती शर्लीची गोष्ट. शर्ली हे आज ऐकलं की डोळ्यांसमोर बाईच येते ना? ते आधी पुरुषांचं नाव होतं. 1849 मध्ये इंग्रजी लेखिका शार्लट ब्राँटीची ‘शर्ली’ नावाची कादंबरी आली, तिच्यातल्या नायिकेला हे नाव का, तर आईबापांना मुलगा हवा होता, झाली मुलगी, मग मुलासाठी ठरवलेलं नाव तिलाच देऊन टाकलं. त्यानंतर नाव हळूहळू मुलींकडे गेलं ते गेलंच. आणि ही कादंबरी छापली गेली तेव्हा मुखपृष्ठावर लेखिकेचं नावही बाईचं नव्हतं, तिथे करर बेल होतं, शार्लट आणि तिच्या दोन लेखिका बहिणींनी 1846 पासून अशीच नावं घेतली होती, पुरुषाची वाटतील अशी, कारण बाईने लिहिलंय म्हटल्यावर वाचणाऱ्याची नजर बदलते हे त्यांना पक्कं माहीत होतं. म्हणजे त्या काळी पुरुषी नाव दोन कारणांनी बाईच्या वाट्याला यायचं, एक तर तिच्या जागी दुसरं कोणीतरी हवं होतं म्हणून, नाहीतर ती बाई आहे हे लपवायचं होतं म्हणून. या दोन्हीतलं कुठलंही कारण आज आपल्या घरात शिल्लक असेल तर ते नाव मुलीला देऊ नका, हीच माझी अट.

कारण लोक येतात तेव्हा बोलण्यातून कळतं. एखादी म्हणते की पोटात होती तेव्हापासून आम्ही तिला बंड्या म्हणतो, आता दुसरं काही तोंडात येत नाही. हे मला छान वाटतं. एखादा म्हणतो की आजोबांचं नाव सदाशिव, त्यांना सगळे सदू म्हणायचे, आम्हाला ते नाव घरात जिवंत ठेवायचंय म्हणून लेकीला सदू. फार छान. आणि मग कोणीतरी म्हणतं, ‘आमचा मुलगाच आहे हो ही, मुलाची कमी भासू देत नाही.’ इथे मी थांबते. हे वाक्य कौतुकाचं म्हणून बोललं जातं, बोलणाऱ्याच्या मनात प्रेमच असतं, पण त्या मुलीने त्यातून काय ऐकायचं? की आपण चांगल्या आहोत कारण आपण दुसऱ्या कोणासारख्या आहोत. तिला हाक मारायच्या आधीच एक न जन्मलेला भाऊ तिच्या शेजारी उभा करून ठेवलाय. तिने झाडावर चढावं, गणित करावं, मारामारी करावी, घर सांभाळावं, हे सगळं मुलगी म्हणूनच करावं, आणि तिच्या हाकेत तिला हे जाणवावं की हे नाव माझ्यावरून पडलं, माझ्या आवाजावरून, माझ्या गालांवरून, माझ्या हट्टावरून.

आणखी एक तपासणी मी सगळ्यांना सांगते, जरा अवघड आहे. हेच उलटं करून बघा. मुलगा झाला तर त्याला लाडाने राणी म्हणाल का, चिमी म्हणाल का, आणि ते नाव दहा वर्षांनी चार लोकांत हाकारायची तयारी असेल का? बहुतेक जण गप्प होतात. मुलीला मुलाचं नाव दिलं तर ती स्मार्ट वाटते, मुलाला मुलीचं दिलं तर त्याची थट्टा होते, हे आपल्या सगळ्यांच्या आत कुठेतरी बसलंय. म्हणूनच इंग्रजीत ॲशली, लेस्ली, बेव्हर्ली, एव्हलिन ही सगळी कधीकाळची पुरुषांची नावं, मुलींना द्यायला लागले तसे मुलांच्या आईबापांनी सोडून दिली, उलटा प्रवास जवळजवळ नाहीच. इंग्रजी लेखक एव्हलिन वॉ, पुरुष, त्याने 1928 मध्ये जिच्याशी लग्न केलं तिचंही नाव एव्हलिनच होतं, तेव्हा दोन्हीकडे चालायचं, आज कोणी मुलाला एव्हलिन ठेवणार नाही. मुलाला मुलीचं नाव ठेवायला तुमची तयारी नसेल म्हणून मुलीला मन्या म्हणू नका असं माझं म्हणणं नाहीये. पण पुरुषी नाव आपल्याला वरचढ वाटतं म्हणून तर आवडलं नाही ना, एवढं मात्र प्रामाणिकपणे बघा. आवाज गोड वाटला म्हणून आवडलं असेल तर बिनधास्त ठेवा.

‘लोक काय म्हणतील’ याचं मला फार वाटत नाही. लोक म्हणतात आणि विसरतात. सरकारं सुद्धा या बाबतीत अडून बसलेली आहेत आणि हरलेली आहेत. जर्मनीत नावावरून मुलगा की मुलगी कळलं पाहिजे असा आग्रह असायचा, एका भारतीय वंशाच्या जोडप्याने मुलीचं नाव किरण ठेवलं तर नोंदणी कार्यालयाने नाकारलं, मुलगा की मुलगी ते कळत नाही म्हणून. किरण! आपल्याकडे ज्याचा कोणी विचारही करत नाही. प्रकरण तिथल्या घटनात्मक न्यायालयापर्यंत गेलं आणि 2008 मध्ये आईबापांच्या बाजूने निकाल लागला. आइसलँडमध्ये तर ब्लेअर नावाच्या मुलीला हे पुरुषांचं नाव आहे म्हणून कागदोपत्री कित्येक वर्षं नुसतं ‘मुलगी’ म्हणून नोंदवलं होतं, 2013 मध्ये कोर्टाने तिला तिचं नाव दिलं, आणि 2019 च्या कायद्यानंतर तिथे मुलाचं नाव मुलीला किंवा मुलीचं मुलाला ठेवता येतं. ही बातमी मी जेव्हा पहिल्यांदा वाचली तेव्हा खरंच अंगावर काटा आला होता, की एका मुलीला स्वतःचं नाव मिळवायला कोर्टात जावं लागतं.

बाकी व्यवहाराचं थोडक्यात. टोपणनाव टोपणनावच राहू द्या, जन्मदाखल्यावर पूर्ण नाव घाला, असं पूर्ण नाव ज्याच्यातून तिला पुढे दोनतीन वेगवेगळ्या हाका काढता येतील. आम्हाला मृण्मयीचा हाच फायदा झाला, मन्या नको वाटलं तर मृणू आहे, मयी आहे. दाखल्यावरच चार्ली लिहिलंत तर तिच्या हातात सहज बदलायला काही उरत नाही, मग ते नाव आवडो न आवडो. शाळेत काय सांगायचं हे तिला बोलता यायला लागलं की तिलाच विचारा. आणि घरातल्या मोठ्यांना नाव पटत नसेल तर त्यांना त्यांची वेगळी हाक मारू द्या, भांडू नका, एका पोरीला चार नावं असली तर काही बिघडत नाही, माझ्या सासूबाई तिला अजूनही मनीच म्हणतात आणि ती दोन्हींना ओ देते.

आणि मोठी झाल्यावर तिला आवडलं नाही तर काय, हे सगळ्यात शेवटी सगळेच विचारतात. तर सोडून द्यायचं, त्याच दिवशी, ‘अगं पण आम्ही किती लाडाने ठेवलं होतं’ असलं काही न म्हणता. आमच्या मन्याने मध्यंतरी सांगितलंच, की मैत्रिणींसमोर मला मन्या म्हणायचं नाही, मृणू म्हणायचं. बरं म्हटलं. बाबाच्या तोंडून अजून अधूनमधून निसटतं, तेव्हा ती तिथल्या तिथे सांगते आणि तो सॉरी मृणू म्हणतो. घरात मात्र मन्याच पाहिजे, हेही तिनेच सांगितलंय.