रोटरी इंजिनाचे तेल आणि सोलापूरचा मे महिना

मी माझ्या विमानासाठी माझदाचे रोटरी इंजिन तयार करतो आहे. या टप्प्यातले जवळजवळ सगळे काम तेलाच्या कूलरवर आणि त्याला हवा पुरवणाऱ्या डक्टवर झाले. इंजिन अजून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या शेडबाहेर लोखंडी चाचणी-गाड्यावरच आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परवानगीशिवाय उड्डाणाचा प्रश्नच येत नाही आणि ती कागदपत्रे यथावकाश होतील. मात्र तापमानाचा हिशेब जमिनीवरच पक्का व्हावा, असा माझा आग्रह आहे. इंजिन माझदाचे १३बी आहे, म्हणजे पिस्टनऐवजी फिरणारे दोन तिकोनी रोटर आणि मिळून १३०८ घनसेंटीमीटर. त्याच्यापुढे २.८५ ला १ या प्रमाणात फेरे कमी करणारा गिअरबॉक्स बसवला आहे.

पिस्टन इंजिनातून रोटरीकडे वळलेल्या अनेकांचे लक्ष साहजिकच पाण्याच्या काट्यावर असते. माझ्या मते या इंजिनात पहिली नजर तेलाच्या काट्यावर हवी, कारण इथे तेल केवळ वंगण नसते. रोटर ज्यावर बसतात त्या एक्सेंट्रिक शाफ्टमधल्या बारीक जेटांतून ते रोटरच्या पोकळ पोटात फवारले जाते आणि ज्वलनाच्या बाजूने रोटरला लागणारी धग तेच वाहून नेते. रोटरला पाण्याचा स्पर्शही होत नाही. म्हणून इंजिनाबाहेर टाकायच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश वाटा तेलाकडे आणि दोन तृतीयांश पाण्याकडे येतो. शिवाय माझा गिअरबॉक्स याच तेलावर चालत असल्याने त्याच्या दात्यांची उष्णताही त्यातच मिसळते. कूलरमधून इंजिनात परतणारे तेल सुमारे ९९ अंश सेल्सिअसच्या, म्हणजे २१० फॅरनहाइटच्या, खाली ठेवावे हा संकेत मी पाळतो. त्यापुढे रोटरच्या तेल-सीलखालच्या रबरी रिंगा कडक होण्याचा धोका वाढतो आणि बेअरिंगमधला तेलाचा थरही पातळ होत जातो.

पाण्याला निदान दाबाच्या झाकणाचा आधार आहे. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरांहून उंच असल्याने इथे उघड्यावर पाणी साडेअठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपासच उकळते, पण ०.९ बारचे झाकण लावले की साध्या पाण्याचाही उत्कलनबिंदू ११८ अंशांच्या घरात जातो आणि ग्लायकॉल मिसळल्यावर तो आणखी वर सरकतो. तेलाला अशी सवलत नाही. शिवाय लिटरमागे तेल पाण्याच्या निम्म्याहूनही कमी उष्णता वाहते, त्यामुळे त्याचे तापमान इंजिनातून जाताना भराभर चढते आणि कूलरमध्ये तितकेच उतरवावे लागते.

आकडे मांडले की हे स्पष्ट होते. चढाईत १२० किलोवॅट, म्हणजे सुमारे १६० अश्वशक्ती, आणि तेलात जाणारी उष्णता ३० किलोवॅट असे मी गृहीत धरले आहे. मिनिटाला ४० लिटर तेल फिरत असेल, तर एका फेरीत ते सुमारे २५ अंशांनी उतरले पाहिजे. म्हणजे कूलरमध्ये ११५ वर शिरून ९० वर बाहेर पडले पाहिजे. कूलरमधून जाणारी हवा ३० अंशांनी तापते असे धरले, तर सेकंदाला जवळजवळ एक किलो हवा लागते.

बाहेरून मिळणारे बहुतेक आकडे १५ अंशांच्या प्रमाणित हवेसाठी असतात, आणि आपल्याकडच्या मे महिन्यातली दुपार ४२ अंशांची. ९० अंशांच्या पाण्याला १५ अंशांच्या हवेत ७५ अंशांचा फरक मिळतो, तर आपल्या दुपारी फक्त ४८. म्हणजे तोच रेडिएटर, तितक्याच हवेत, ६४ टक्केच काम करतो. तेल जास्त तापमानावर कूलरमध्ये शिरत असल्याने त्याचे नुकसान तुलनेने कमी: १०० अंशांच्या फरकाऐवजी ७३. त्यात ४२ अंशांची आणि या उंचीवरची हवा प्रमाणित हवेपेक्षा १३ टक्के विरळ. विरळ हवेत इंजिनाची शक्तीही त्याच सुमारास घटते आणि उष्णता थोडी कमी निर्माण होते, इतकाच काय तो दिलासा.

हवेच्या वेगाबाबत एक गोष्ट सोयीची आहे. वेगदर्शक मुळात दाबच मोजत असल्याने काटा ८० नॉट दाखवत असेल, तर हवेचा गतिज दाब गोव्यात असो वा सोलापुरात, पाण्याच्या स्तंभात १०६ मिलिमीटरच्या आसपासच असतो. चढाईत कूलरला मिळणारे भांडवल एवढेच. १६० नॉटला ते चौपट होते, त्यामुळे आडव्या उड्डाणात बहुधा काहीही चालून जाते आणि खरी परीक्षा चढाईतच होते. त्या वेळी खरा वेग ८६ नॉटच्या जवळ असल्याने एक किलो हवेसाठी डक्टचे तोंड सुमारे २१० चौरस सेंटीमीटर पुरेसे ठरते. अनेक जण तोंड याच्या दुप्पट ठेवतात आणि वेगात असताना विमानाला होणारा हवेचा अवरोध उगाच वाढवून घेतात.

खरी अडचण तोंडात नसून तोंड आणि कोअर, म्हणजे हवा आरपार जाते तो कूलरचा जाळीदार गाभा, यांच्यामध्ये असते. हवेचा वेग शांतपणे कमी झाला, तरच त्याचे दाबात रूपांतर होते. भिंत एकाएकी फाकली, की प्रवाह तिला सोडून देतो आणि तिथे भोवरे माजतात. हे पाहण्यासाठी जुन्या डक्टच्या, म्हणजे पत्र्याच्या खोक्याच्या, एका बाजूचा पत्रा काढून तिथे अ‍ॅक्रिलिक लावले आणि आतून लोकरीचे धागे चिकटवले. झोत पंख्याच्या पात्यांमागून घेतला असता, तर तो गोल फिरत आला असता आणि मोजमाप बेभरवशाचे झाले असते, म्हणून तीन अश्वशक्तीचा सेंट्रीफ्युगल ब्लोअर थेट तोंडाला जोडला आणि त्याची झडप तोंडापाशी बरोबर १०६ मिलिमीटर भरेल अशी लावली. दाब मोजायला गवंडी वापरतात तीच पारदर्शक लेव्हलची नळी फळीवर यू आकारात बसवली आणि पाण्यात थोडे कुंकू घातले. नळी साधी असली, तरी मिलिमीटरभराचा फरक तिच्यात स्वच्छ वाचता येतो.

ब्लोअर सुरू होताच खालच्या भिंतीवरचे धागे कोअरच्या दिशेने ताठ झाले, पण वरच्या भिंतीवरचे धागे थरथरत उलट तोंडाकडेच वळलेले राहिले. कोअरचा वरचा भाग हवेविना उपाशी होता. कोअरपुढचा दाब नळीत ५७ मिलिमीटर भरला, म्हणजे मिळालेल्या भांडवलापैकी ५४ टक्के.

नव्या डक्टचा गळा तोंडापासून बराच अंतर जवळजवळ समांतर ठेवला आहे आणि कोअरच्या अगदी जवळ तो सनईच्या तोंडासारखा फाकतो. तिथे कोअरचा अडथळाच हवेला पसरवत असल्याने ती भिंत सोडत नाही. फ्रिजच्या वेष्टनातला थर्मोकोल तासून साचा केला आणि त्यावर काचतंतूंचे कापड इपॉक्सीने चढवले. पॉलिएस्टर रेझिन थर्मोकोलला क्षणात खाऊन टाकते, त्यामुळे इपॉक्सीचा जादा खर्च सोसावाच लागतो. कोअर आणि डक्ट यांच्यामधल्या फटी फोमच्या पट्टीने बंद केल्या. हे काम किरकोळ वाटले, तरी कोअरला वळसा घालून निसटणारी हवा थंडाव्याच्या दृष्टीने सर्वस्वी वाया जाते.

त्याच १०६ मिलिमीटरला आता कोअरपुढे ८१ मिलिमीटर भरतात आणि वरचे धागेही सरळ झाले आहेत. दाब ४२ टक्के वाढला, म्हणजे थंडावा ४२ टक्के वाढला असे मात्र नाही. हवेचा प्रवाह साधारण दाबाच्या वर्गमुळाने वाढतो आणि उष्णतेची देवघेव त्याहूनही मंद वाढते. माझ्या अंदाजाने फायदा बारा टक्क्यांचा आहे. प्रत्यक्षात, भर दुपारी आणि तितक्याच फेऱ्यांवर, पूर्वी १०४ अंशांवर स्थिरावणारे तेल आता ९७ वर स्थिरावते. जमिनीवर मी चढाईची पूर्ण शक्ती वापरत नाही, त्यामुळे एवढ्यावर समाधान मानता येत नाही. पण कूलर न बदलता सात अंश उतरले, हे लक्षणीय आहे. तेल तापले की मोठा कूलर घ्या, हा सल्ला आपल्या मंडळींत फार लवकर दिला जातो. वजन आणि तेलाचा दाबक्षय वाढवण्याआधी नळीत पाणी भरून पाहावे, असे मी सुचवीन.

आसपासच्या टॉवेलच्या कारखान्यांतून उडणारे सुताचे बारीक तंतू कूलरच्या फिनांवर, म्हणजे उष्णता हवेला देणाऱ्या पातळ पत्र्यांवर, पातळ गादीसारखे बसतात. समोरून बॅटरी मारली तर काही दिसत नाही. पण मागून प्रकाश सोडला की अंधारे पट्टे उमटतात. कोअरच्या पुढच्या आणि मागच्या दाबातला फरक त्याच ब्लोअरला वाढलेला दिसला, की मी कोअर काढून मागच्या बाजूने हवा मारतो. रेडिएटर दुरुस्तीवाल्या चाचांनी पहिल्याच दिवशी बजावले होते, "साहेब, पाण्याचा फवारा जोरात मारू नका, फिन आडव्या होतील." फिन एकदा आडव्या झाल्या, की त्या दाताच्या फणीने एकेक उभ्या करत बसावे लागते.

पुढचे काम डक्टच्या मागच्या तोंडाचे आहे. कोअरमधून हवा ओढली जाते ती पुढच्या आणि मागच्या दाबातल्या फरकामुळे, तेव्हा पुढे ८१ मिळवून मागे हवा कोंडली तर काहीच साधत नाही. चढाईत उघडणारी आणि आडव्या उड्डाणात मिटणारी एक झडप तिथे बसवणार आहे. बाहेर पडणाऱ्या तापलेल्या हवेला निमुळत्या तोंडातून वेग दिला, तर कूलरचा अवरोध काही अंशी भरून निघतो, हे ब्रिटिश अभियंते एफ. डब्ल्यू. मेरेडिथ यांनी १९३५ मध्ये दाखवले आणि मस्टँग विमानाच्या पोटाखालचा रेडिएटर त्याच तत्त्वावर होता. आपल्या वेगाला तो लाभ अल्पच मिळेल. मला झडप हवी आहे ती चढाईसाठी.

पाण्याच्या बाजूचे तपशील रेडिएटरचा डक्ट झाल्यावर लिहीन. तोवर थर्मोस्टॅट काढून इंजिन चालवणाऱ्यांसाठी एवढेच, की १३बी मधल्या थर्मोस्टॅटची खालची चकती इंजिन तापल्यावर बायपासचे, म्हणजे रेडिएटर टाळून जाणाऱ्या वाटेचे, भोक बंद करते. थर्मोस्टॅट नुसता काढला, तर ते भोक कायमचे उघडे राहते आणि पाण्याचा एक भाग रेडिएटरला न जाता पंपाकडेच परततो. भोकात आटे पाडून बूच बसवल्याशिवाय थर्मोस्टॅटला हात लावू नये.